सोमवारी हात कोण बघणार

शमीम,

परवा सोमवार होता. तुला जाऊन पाच दिवस झाले होते. शेड उघडावी की बंद ठेवावी यावर माझं माझ्याशीच भांडण झालं आणि शेवटी मी उघडली, कारण बंद ठेवली असती तर तू वरून काहीतरी खोचक बोलली असतीस. अकरा वाजता चहा झाला. मी टेबलाशी बसून ऑर्डरींचे कागद चाळत होते. मान वर केली तर समोर हिराबाई उभी, तिच्या मागे सगळ्या जणी, नेहमीसारखी रांग.  हिराबाईने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

एवढी वर्षं ही रांग तुझ्यापुढे लागत होती. भांडी घासायच्या पावडरीचं नवं मिश्रण तयार झालं की पुड्या भरणाऱ्या बायकांनी ते आठवडाभर आपापल्या घरी वापरायचं आणि सोमवारी चहानंतर तुला हात दाखवायचे. हात बरे असले की वहीत सही व्हायची आणि मग माल बाहेर पडायचा. मला या प्रकाराचं फार कौतुक होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो रंगवून सांगायचे. फक्त तो चालू असताना मी कायम फोनवर असायचे. त्यामुळे हिराबाईचा हात हातात घेतल्यावर बघायचं काय, हेच मला कळेना. मी आपली ज्योतिष्यासारखी तळहाताकडे बघत बसले. तिने थोडी वाट पाहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, बोटांच्या बेचक्यात बघायचं असतं. शमीमताई तिथंच बघायच्या."

मग मी रडले. तू गेलीस त्या दिवशी कोंढव्याला तुझ्या घरी मी अगदी शहाण्यासारखी वागले होते. कोण आलं, कोणाला पाणी दिलं, गाडी कुठे लावायची, सगळं बघितलं. डोळ्यांतून टिपूस नाही. आणि परवा पॅकिंगच्या बायकांसमोर नाक ओढत रडले. हिराबाईने मला पाणी दिलं आणि ती रांग आपोआप मोडली.

आमच्यात तेरावा असतो, तुमच्यात चाळिसावा. मी कुठला धरायचा, ते ठरत नाहीये. तेराव्यापर्यंत माझं लिहून होणार नाही आणि चाळिसाव्यापर्यंत थांबलं तर मी पुन्हा काहीतरी कारण काढीन, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. म्हणून आजच बसले आहे. उद्योजक महिला मंडळाच्या बाईंचा फोन आला होता, अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहा म्हणून. मी लिहिलं नाही. त्यांना तू किती लोकांना रोजगार दिलास ते हवं होतं. मला जे सांगायचंय ते त्यांच्या कामाचं नाही. मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले होते, शमीम, आणि ते मी तू असेपर्यंत दुरुस्त केलं नाही. एवढंच आहे. बाकीचं सगळं मी तिथपर्यंत पोचायला लिहिते आहे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आपण दोघी सहायक होतो तेव्हाचं आठवतं? मुलांनी फोडलेल्या काचेच्या नळ्या मोजायच्या आणि वर त्यांनाच शाबासकी द्यायची, हे आपलं काम. एकदा डबे धुताना तू म्हणालीस, "सुलभा, बाजारातल्या पावडरीत काय असतं माहितेय? दगडाचं पीठ, सोडा, फेसासाठी थोडी ॲसिड स्लरी आणि भरपूर जाहिरात. यातली जाहिरात सोडून बाकीचं आपल्याला येतं." तुझ्या वडिलांचा कल्हईचा धंदा होता. पितळेच्या भांड्यांना कल्हई करून त्यांनी तुम्हा चौघा भावंडांना शिकवलं. भांड्यांबद्दल तू बोलायला लागलीस की मी गप्प बसायचे, कारण माझ्या घरात भांडी घासलेलीच माझ्या हातात येत होती.

तुझ्या मागच्या खोलीत आपण पहिली पावडर केली. घमेलं, चाळणी आणि तोंडाला बांधलेला रुमाल. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा तू सुलभातला सु आणि शमीममधला शम घेऊन 'सुशम' केलंस. मी नाक मुरडलं, हे दवाखान्याचं नाव वाटतं म्हणून. कोथरूडच्या एका किराणा दुकानदाराने पाकीट उलटंसुलटं करून विचारलं होतं, "सुशम ही कुठली देवी?" तू एक क्षणही न थांबता म्हणालीस, "नवसाला पावणारी. काका, दोन डझन ठेवून बघा." त्याने ठेवले. महिन्याने बघायला गेलो तर पाकिटं मागच्या फळीवर, उंदीर मारायच्या औषधाशेजारी होती.

दोन वर्षं आपण असे हात जोडत दुकानं हिंडलो. तू लुना चालवायचीस, मी मागे पाकिटांची पिशवी मांडीवर घेऊन. माल चांगला आहे हे सगळे मान्य करायचे आणि मागच्या फळीवर ठेवायचे. मग एके दिवशी तोच देवीवाला दुकानदार मला म्हणाला, "ताई, तुमच्या नावाला कोण विचारतंय? माझ्या दुकानाला चार हजार घरं ओळखतात. पाकिटावर माझ्या दुकानाचं नाव टाका. पुढच्या फळीवर ठेवतो आणि रोख देतो."

मी तरंगत शेडवर आले. तेव्हा धायरीला आपण नुकतीच पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती, आजूबाजूला उसाची शेतं होती आणि वीज लहरीवर होती. मी तुला सगळं समजावून सांगितलं. दुकान त्याचं, गिऱ्हाईक त्याचं, जाहिरात त्याची, उधारी बुडली तर ती त्याची. आपण फक्त पावडर करायची. आणि एका दुकानाला जमलं तर पाच दुकानांना का नाही? पाच पाकिटं, पाच नावं, घमेलं एकच. माल वाढला की सोडा गाडीभर घेता येईल, तो स्वस्त पडेल. एका दुकानाची ऑर्डर दाखवून बँकेकडून यंत्र घेता येईल. आपल्याकडे भांडवल नाही तर नसू दे, दुसऱ्यांच्या दुकानांचा जोर आपण वापरू. मला आजही वाटतं की मी त्या दिवशी जे बोलले ते हुशारीचं होतं.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "आणि बाईचा हात जळला तर तिने शिव्या कुणाला घालायच्या?"

"दुकानदाराला."

"त्याने काय केलंय?"

"अगं, नाव त्याचं आहे ना!"

"तेच म्हणतेय मी." आणि मग तू वडिलांचं सांगितलंस. कल्हई केलेल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला ते खिळ्याने एक बारीक खूण करायचे. इतर कल्हईवाले हसायचे. ते म्हणायचे, कल्हई महिन्यात उडाली तर बाईने भांडायला माझ्याच दारात यावं, भलत्याच्या नाही. "आपलं नाव असतं ते शिव्या खायला असतं, सुलभा. कौतुक काय, कुणीही घेतं."

मी म्हटलं, तत्त्वज्ञान छान आहे, पण शेडचं भाडं भरायचंय. तू हसलीस. तुझं हसणं म्हणजे होकार असा अर्थ मी आयुष्यभर काढत आले आणि तो बहुतेक वेळा चुकीचा होता. पण तेव्हा तू एकच अट घातलीस. नाव कोणाचंही असो, हात आपण बघणार. सोमवारची रांग तेव्हापासूनची.

आणि धंदा चालला की गं. नुसता चालला नाही, धावला. कोथरूडची दोन दुकानं, कर्वेनगरचं एक, सिंहगड रस्त्याची दोन. पावडरीच्या जोडीला फिनेल आलं, मग काच पुसायचं निळं पाणी. माझ्या घरच्या हळदीकुंकवाला तू आली होतीस आणि आमच्या सोसायटीतल्या दोन बायकांची जुंपली होती, कोणत्या दुकानाची पावडर चांगली म्हणून. एक म्हणत होती आमच्या दुकानाची, दुसरी म्हणत होती छे, त्यात मातीच असते. दोन्ही पुड्या आदल्या आठवड्यात हिराबाईने एकाच घमेल्यातून भरल्या होत्या. तू गंभीर चेहऱ्याने विचारलंस, "आणि वासात काही फरक?" त्या दोघी एका सुरात म्हणाल्या, "अहो, जमीन-अस्मानाचा!" आपण स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसलो. तिळगुळाचं ताट पडता पडता वाचलं. तुझ्याबरोबर हसले तशी मी दुसऱ्या कोणाबरोबर हसले नाही, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

सुशम मात्र हळूहळू मागे पडलं. मग मोठ्या दुकानांची ती साखळी आली. शहरात त्यांची दुकानं निघत होती आणि प्रत्येक वस्तू त्यांना स्वतःच्या नावाने विकायची होती. करारात एक कलम होतं, की आपण आपल्या नावाने भांड्यांची पावडर पुण्यात विकायची नाही. मी म्हटलं, तशीही कुठे विकली जातेय? तू कागद दोनदा वाचलास आणि विचारलंस, "तुला हवंय ना?" मी हो म्हटलं. तू सही केलीस. राहिलेली सुशमची पाकिटं तू बायकांना वाटून टाकलीस.

त्यानंतर तू तीनदा म्हणालीस, की वर्षातून एक घमेलं तरी आपल्या नावाचं करू. विकायचं नाही, नुसतं ओळखीपाळखीत द्यायला. मी तिन्ही वेळा पुढच्या वर्षी म्हटलं. त्याला काही लागत नव्हतं गं, एक दिवस लागला असता.

दोन-तीन वर्षांत आपला निम्म्याहून जास्त माल साखळीला जायला लागला. लहान दुकानांच्या ऑर्डरी मी हळूहळू टाळल्या, कारण त्यांच्या कटकटी फार. तू सावध केलं होतंस. मी म्हटलं, मोठं गिऱ्हाईक धरलं की मोठं होता येतं. दुसऱ्याच्या जोरावर आपण उभ्या आहोत असं मला वाटत होतं. जोर कुणाचा आणि ओझं कुणाचं, हे मला त्यांच्या खरेदी अधिकाऱ्याने एका दुपारी शिकवलं. फार सभ्य मुलगा. मॅडम, मॅडम करत म्हणाला, की दिवाळीच्या योजनेत पावडर स्वस्त द्यायची आहे, भाव एवढा उतरवा, नाहीतर आमच्याकडे दुसरे दोघं तयार आहेत. आणि माल पंधरा दिवसांत हवा.

तेव्हा तू सोलापूरला होतीस, लेकीच्या बाळंतपणाला. सव्वा महिना राहणार होतीस. तुला फोन करता आला असता. मी केला नाही, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ होतं.

तुला वेगळं समजवायला नको. स्लरी महाग, सोडा स्वस्त. स्लरी कमी केली आणि सोडा वाढवला की भांडी तशीच निघतात, किंबहुना जास्त चकचकीत निघतात. त्याची किंमत हात देतात. आठवडाभर घरी वापरून बघायला वेळ नव्हता. मी स्वतःला सांगितलं की एकदाच तर आहे. आणि याहून वाईट जे सांगितलं ते असं, की पाकिटावर आपलं नाव कुठे आहे? पुड्या भरताना हिराबाई म्हणाली, "ताई, जरा झोंबतंय हे." मी रबरी हातमोजे आणून दिले. माल वेळेत गेला. खरेदी अधिकाऱ्याने पेढे पाठवले.

तू परत आलीस आणि आधी वही उघडलीस. त्या मालापुढे तुझ्या सहीच्या रकान्यात मी सही केली होती.  त्यातली एक पुडी पर्समध्ये टाकलीस आणि घरी गेलीस. आठ दिवस तू नेहमीसारखी येत होतीस, नातवाचे फोटो दाखवत होतीस. सोमवारी रांग झाली, बायका कामाला गेल्या आणि तू माझ्या टेबलासमोर येऊन बसलीस. दोन्ही हात पदराखाली होते. तू शांतपणे विचारलंस, "सुलभा, ही पावडर तू घरी वापरलीस?"

"हो," मी म्हटलं. "वापरली की. काही झालं नाही."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "बरं." आणि उठून गेलीस. जाताना पदर सरकला तेव्हा तुझी बोटं मला दिसली.

वापरली होती ती मंगलने. माझ्याकडे भांडी घासायला येणारी मंगल तुला माहीतच आहे, आमच्या घरात तिला घरच्यांपेक्षा जास्त मान आहे असं मी नेहमी सांगते. तू विचारलंस त्याच्या चार दिवस आधी ती मला म्हणाली होती, "वहिनी, ही पावडर लई लागती हो हाताला." मी हात बघितला होता. बोटांच्या मध्ये कातडी फाटली होती. मी तिला खोबरेल तेलाची बाटली दिली आणि पाणी जास्त घे म्हणून सांगितलं. नंतर मी चहा घेत पेपर वाचला. म्हणजे तुला हो म्हणताना मला सगळं माहीत होतं. चुकून निसटलेलं खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी तू जुनं प्रमाण फळ्यावर पुन्हा लिहिलंस आणि सांगितलंस की यापुढे हेच. गेलेला माल परत मागवू या म्हणालीस. मी खवळले. परत मागवायचा? दिवाळीच्या तोंडावर? साखळी आपल्याला उभं करणार नाही, कर्ज आहे, यंत्राचे हप्ते आहेत, या बायकांना काय सांगणार? आणि नाव त्यांचं आहे, त्यांनी बघावं. मी बराच वेळ बोलत होते. तू एवढंच म्हणालीस, "मी तेव्हा हेच विचारलं होतं."

माल परत आला नाही. लोकांच्या घरी गेला, वापरला गेला, संपला. किती बायकांचे हात फाटले ते आपल्याला कधीच कळणार नाही, आणि त्यांनाही कळणार नाही की शिव्या धायरीला पाठवायच्या होत्या.

तू भागीदारी सोडशील असं मला वाटलं होतं. खरं सांगू, त्या दिवसांत मला ते हवंही होतं. भांडलो असतो, वाटण्या झाल्या असत्या, मी तुला चार ठिकाणी हट्टी म्हटलं असतं आणि माझं मन मोकळं झालं असतं. तू मला तीही सोय दिली नाहीस. तू रोज आलीस. नऊच्या ठोक्याला. सोमवारी हात बघितलेस, मिश्रण तपासलंस, नव्या बायकांना शिकवलंस. फक्त वहीत सही करायचं थांबवलंस. हात बरे असले की माझ्याकडे बघून मान हलवायचीस, आणि सही मी करायचे. तुझा रकाना कोरा. एकोणीस वर्षांच्या वह्या आहेत, शमीम. मी काल सगळ्या काढून बसले. एकदाही मी तुला विचारलं नाही, की सही का करत नाहीस. मला वाटायचं तू मला शिक्षा करते आहेस, आणि शिक्षा निमूट भोगली की झालं. पुढे साखळीने दुसरा कारखानदार धरला, आपण पुन्हा लहान दुकानांकडे गेलो, हात जोडून. तेव्हाही तू 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाहीस. त्याचे मी मनातल्या मनात शंभर वेळा आभार मानले आणि तोंडाने कधी मानले नाहीत.

तू आजारी पडलीस तेव्हा मी आठवड्यातून दोनदा यायचे, तुला आवडणारी शंकरपाळी घेऊन, जी तुला खायला बंदी होती. तू ती पाहुण्यांना द्यायचीस आणि माझ्यावर बिल फाडायचीस, "सुलभाने केलीत, दात सांभाळा." शेवटच्या भेटीत तुझी लेक बाहेर गेली होती. आपण दोघीच होतो. तू उशीला टेकून बसली होतीस.  मग तू विचारलंस, "सुलभा, काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "सोडा महागलाय."

तू डोळे मिटून हसलीस. मी पुन्हा त्याचा चुकीचा अर्थ काढला. मला वाटलं, बरं झालं, हसली.

काल मंगलला मी सांगितलं की शमीमताई गेल्या. एवढे दिवस सांगायचं राहिलं होतं, ती गावाला गेली होती. ती ओट्याशी उभी होती. तिने नळ बंद केला आणि पदर डोळ्याला लावला. मला आश्चर्य वाटलं. तू माझ्याकडे यायचीस तेव्हा तिची कामाची वेळ संपलेली असायची. मी विचारलं, "तू ओळखत होतीस त्यांना?"

"आल्या व्हत्या की एकदा," मंगल म्हणाली. "लई वर्सं झाली. तुमी घरी नव्हता. ते हात फाटले व्हते न्हाई का माझे, तुमी तेल दिलं त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हनल्या, हात बघू. दोन्ही हात धरून बसल्या व्हत्या हितं, खाली. सोत्ताचेबी तसेच व्हते त्यांचे. मग मलम धाडायच्या म्हैनाभर."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"त्याच नको म्हनल्या. म्हनल्या, तुज्या वहिनी मला आपनहून सांगतील. तवर तू बोलू नको." मंगलने डोळे पुसले. "मंग सांगितलं न्हवं तुमी, वहिनी?"

मी तिला काहीतरी उत्तर दिलं आणि आतल्या खोलीत आले.

म्हणजे तू टेबलासमोर येऊन बसलीस तेव्हा तुझं मंगलला भेटून झालं होतं. तुला पावडरीची माहिती नको होती, ती तुझ्या हातांवर होती. तू मला दार उघडून दिलं होतंस. मी आत आले नाही, तर तू ते एकोणीस वर्षं तसंच उघडं ठेवलंस आणि रोज नऊ वाजता येऊन बघून जायचीस, आज तरी ही येते का. आणि शेवटी, श्वास पुरत नव्हता तेव्हासुद्धा, तू पुन्हा एकदा विचारलंस, आणि मी तुला सोड्याचा भाव सांगितला.

तर ऐक. नाही, शमीम. मी ती पावडर वापरली नव्हती. मंगलने वापरली होती, तिचे हात फाटले होते, आणि ते मी पाहिले होते.